हिरवी नोंद

अंबादास बिंगीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं त्या दिवशीही कारखान्याच्या यंत्रात त्याच्या नावापुढं हिरवी नोंद होती. त्याच्या थोरल्या बहिणीनं, अनसूयानं, ती सकाळी साडेआठला पाहिली होती आणि रोजच्यासारखी खाली सही करून अहवाल वर पाठवला होता. दोन तासांनी रंगखात्यातले दोघं जण अंबादासला उचलून तिच्या आरोग्य खोलीत घेऊन आले. त्याला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि पाय इतके सुजले होते की बूट काढायला नाडी कापावी लागली. तरीही अनसूयानं आधी पडद्याकडं पाहिलं आणि मग भावाकडं. ही एक गोष्ट ती पुढं स्वतःला कधीच माफ करू शकली नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

सोलापूरच्या पूर्व भागात बिंगींचं दोन खोल्यांचं घर होतं. वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांनी जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवलं. उकळत्या पाण्याच्या टाक्या, पायाखाली ओली फरशी, डोक्यावर पत्रा, आणि दिवसभर वाफ. अनसूयाचं लग्न टिकलं नाही. ती माहेरी परत आली, परिचारिकेचा लहानसा कोर्स करून एका दवाखान्यात कामाला लागली. धाकटा अंबादास नानांच्या जागी टाकीवर उभा राहिला. त्याची बायको रेणुका घरी बसून विड्या वळायची. त्यांना एक मुलगी, ईश्वरी.

नाना गेले तेव्हा ईश्वरी पाच वर्षांची होती. जाण्याआधी वर्षभर सकाळी उठले की नानांच्या डोळ्यांखाली फुगवटा दिसायचा. रात्री तीन-चारदा उठायचे. अंगाला खाज सुटायची, जेवणावरची वासना उडाली होती, आणि तोंडात सारखी नाणं चघळल्यासारखी चव येते म्हणायचे. अनसूयाला हे सगळं दिसत होतं. वय झालं, ऊन वाढलंय, असं म्हणून तिनं सोडून दिलं. गुडघे दुखायचे म्हणून नाना रोज वेदनाशामक गोळी घ्यायचे, आणि ती गोळी मेडिकलमधून तीच आणून द्यायची. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं आणि नऊ आठवड्यांत नाना गेले. वेळेवर कळलं असतं तर ते वाचले असते, हे अनसूयाच्या मनात तेव्हा जे बसलं ते बसलंच.

म्हणून २०४१ साली, ती त्याच टॉवेलच्या कारखान्यात आरोग्य खोली सांभाळायला लागली होती तेव्हा, 'पारखी' नावाच्या यंत्राबद्दल तिनं वाचलं आणि मॅनेजर पाटणकरांच्या मागं लागली. त्या वर्षी सोलापूरचा पारा एप्रिलातच सत्तेचाळीसवर गेला होता. मागच्या दोन उन्हाळ्यांत रंगखात्यातले पाच जण किडनीच्या आजारानं गेले होते. त्यांतल्या एकानंही पन्नाशी पाहिली नव्हती.

यंत्र म्हणजे डोळ्यांना दिसण्यासारखं फारसं काही नव्हतं. संडासाच्या भांड्यात आणि मुतारीत रुपयाएवढी एक चकती बसवायची. दाराशी कामगारानं आपला बिल्ला लावायचा, की दार उघडतं. चकती लघवी तपासते आणि निकाल आरोग्य खोलीतल्या पडद्यावर, त्या बिल्ल्याच्या नावापुढं उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे उशीर झाला.

त्यामागचं शास्त्र डॉक्टर किणीकरांनी कामगारांना जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. किणीकर शहरातले किडनीचे डॉक्टर. ते म्हणाले, की प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक चाळण्या असतात. त्या एकेक करून मरायला लागल्या तरी उरलेल्या चाळण्या त्यांचं काम ओढून नेतात, आणि माणसाला काही जाणवत नाही. नेहमीची रक्ताची तपासणीसुद्धा निम्म्याहून जास्त चाळण्या गेल्यावरच बिघाड दाखवते. पण चाळणी मरताना तिच्या अस्तरातून प्रथिनांचे बारीक तुकडे सुटतात आणि ते लघवीत येतात. पारखी ते तुकडे ओळखतं. कुठले तुकडे किती सुटतात यावरून ते सांगू शकतं, की ह्याच गतीनं गेलं तर या माणसाची किडनी सहा वर्षांनी थकेल, या माणसाची आठ वर्षांनी. तेवढा वेळ हातात असला तर पुष्कळ करता येतं. पाणी, सावली, रक्तदाबाचं औषध, वेदनाशामक गोळ्या बंद. एवढ्यावर बरेच जण वाचतात.

टाकीवरच्या लक्ष्मण गुर्रमनं एकच प्रश्न विचारला. पिवळं आलं तर कामाचं काय?

अनसूयानं तो प्रश्न आधीच पाटणकरांना विचारला होता, आणि कुणाच्या कामाला धक्का लागणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं. ती उठून उभी राहिली. आधी तेलुगूत आणि मग मराठीत तिनं सांगितलं, "माझ्या नानांची शपथ घेऊन सांगते, एकाचीही नोकरी जाणार नाही."

सगळे तिला अक्का म्हणायचे. नानांनाही सगळे ओळखत होते. लोकांनी बिल्ले घेतले.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. दोनशे बारा कामगारांत एकोणीस जण पिवळे निघाले, आणि त्यांत अंबादासही होता. अनसूयानं त्या एकोणीस जणांचा पिच्छा पुरवला. दर अर्ध्या तासाला पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, रक्तदाबाची रोज तपासणी. दुखण्यावरच्या गोळ्या तिनं खिसे चाचपून काढून घेतल्या. त्या सगळ्यांना तात्पुरतं टाकीवरून उठवून घडी घालण्याच्या खात्यात बसवलं. वर्ष संपता संपता अकरा जण पुन्हा हिरवे झाले. अंबादास त्या अकरांतला, तो पुन्हा टाकीवर गेला. त्या दिवशी ती घरी पेढे घेऊन गेली. नानांच्या तसबिरीपुढं एक ठेवला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. रेणुकानं हाक मारली तेव्हा भानावर आली.

आरोग्य खोलीच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या अक्षरात एक तक्ता लिहून लावला. यंत्र बंद पडलं तरी माणसानं स्वतःकडं बघावं म्हणून. लघवीला जाऊन आल्यावर फेस टिकून राहणं, सकाळी पापण्या सुजणं, घोट्याशी बोट दाबलं की खड्डा राहणं, रात्री सारखं उठावं लागणं, खाज, थकवा, तोंडाला नाण्याची चव. शाळेला सुट्टी असली की ईश्वरी तिथं येऊन बसायची. तिला तो तक्ता पाठ झाला होता.

दुसऱ्या वर्षी कायदा झाला. कायदा चांगला होता. उष्णतेच्या कामात कुणाची किडनी गेली तर भरपाई मालकानं द्यायची. त्यावर विमा कंपन्यांनी मालकांना अट घातली, की पारखीच्या नोंदी आमच्याकडं आल्या पाहिजेत आणि पिवळा माणूस उष्णतेच्या कामावर दिसता कामा नये. घडी घालण्याच्या खात्यात तोवर यंत्रं आली होती, तिथं जागा नव्हती. पिवळ्या कामगारांचे करार संपले की पुढं वाढेनासे झाले. पिवळ्यांची यादी सगळ्या कारखान्यांत एकच असायची. एका फाटकावर बिल्ला पिवळा दिसला की दुसऱ्या फाटकावरही पिवळाच दिसायचा.

लक्ष्मण गुर्रम पिवळ्यांत होता, त्याचं काम त्या उन्हाळ्यात गेलं. चार महिने त्यानं फाटकं झिजवली, मग एकदा मंडईत अनसूयाच्या समोर आला. शिव्या देईल म्हणून ती थबकली. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "अक्का, आता कुणाची शपथ घेणार?" पुढं तो सुरतेला गेल्याचं कळलं.

अनसूया पाटणकरांकडं गेली. त्यांनी तिला बसवलं, शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हातात काही नाही म्हणाले. मग म्हणाले, "यंत्र आणा म्हणून तुम्हीच मागं लागला होता, अनसूयाबाई." ते चिडून म्हणाले नव्हते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत एक विचित्र गोष्ट झाली. पिवळ्या नोंदी कमी होत गेल्या. उन्हाळा वाढत होता आणि पडद्यावर हिरवा रंग वाढत होता. पाटणकर खूश होते, विमा कंपनीचं कौतुकाचं पत्र आलं. अनसूयालाही वाटलं, की लोकांना सवयी लागल्या, पाण्याचं महत्त्व कळलं. रंगखात्यात रोज पाण्याचे आठ जार लागायचे, ते तीनवर आले होते. ते तिच्या लक्षात आलं होतं, पण काम कमी असेल म्हणून तिनं विचारलं नाही. पूर्वी एका माणसाच्या नावावर दिवसात तीन-तीन नोंदी यायच्या, आता आठवड्याला एक यायची. आठवड्याला एकच नोंद सक्तीची होती. तिचं लक्ष फक्त रंगावर होतं, नोंदी किती आल्या ते ती पाहतच नव्हती.

याच दोन वर्षांत अंबादास घरी येऊन तांब्याभर पाणी एका दमात प्यायला लागला. सकाळी त्याचे डोळे जड दिसायचे. रात्री उठायचा. एकदा रेणुकानं सांगितलं, की हे आमटीत सारखं मीठ कमी म्हणतात, सगळ्याला लोखंडाचा वास येतो म्हणतात. अनसूयानं दुसऱ्या दिवशी पडद्यावर बघितलं. हिरवं. ती निर्धास्त झाली.

मग एका रविवारी ईश्वरी तिच्याजवळ आली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हळू आवाजात म्हणाली, "आत्या, पप्पा जाऊन आले की दोनदा पाणी टाकलं तरी फेस जात नाही. तुझ्या तक्त्यात आहे ना ते?"

अनसूयानं तिला मोबाइलवर अंबादासच्या नावापुढची हिरवी नोंद दाखवली. फिनेलचा फेस असेल म्हणाली. वर हसून असंही म्हणाली, की डॉक्टरीण व्हायची घाई करू नकोस. ईश्वरी उठून आत गेली. पुन्हा तिनं कधी काही सांगितलं नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी अंबादास टाकीजवळ कोसळला.

डॉक्टर किणीकरांनी रक्ताचे आकडे आणि सोनोग्राफी दोन्ही पाहिलं. दोन्ही किडन्या आक्रसून लहान झाल्या होत्या. हे दोन-चार महिन्यांचं काम नाही, कमीत कमी दोन वर्षं चाललंय, असं ते म्हणाले. अनसूयानं मोबाइल पुढं केला. दोन वर्षांच्या नोंदी, एकूण एक हिरव्या. किणीकरांनी त्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या.

"हे आकडे एका निरोगी माणसाचे आहेत," ते म्हणाले. "पण तो माणूस हा नाही."

पहिलं डायलिसिस झाल्यावर अंबादासला बोलता येऊ लागलं तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं. बॉयलरवरचा बसण्णा आठवड्यातून एकदा त्याचा बिल्ला घेऊन जायचा. बसण्णा अक्कलकोटकडचा, बावन्न वर्षांचा, तब्येतीनं दणकट. त्याची नोंद कायम हिरवी. बॉयलरशेजारी त्याचा स्वतःचा पाण्याचा माठ होता आणि तो तांबे रिचवायचा. अंबादाससारखे सात जण होते, आणि आठवड्याचे वारही सात. बसण्णानं या कामाचं कुणाकडून काही घेतलं नाही. मित्रांसाठी केलं.

"आणि तू?" अनसूयानं विचारलं. "तू कुठं जायचास?"

"जावंच लागायचं नाही," तो म्हणाला. "बिल्ला लावून गेलो की माझीच नोंद पडणार. म्हणून घरातनं निघायच्या आधीपासून पाणी बंद. पाळी संपेपर्यंत थेंब नाही. सवय होते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू अहवालावर सही करतेस, अक्का. सांगितलं असतं तर तुला खोटी सही करावी लागली असती, नाहीतर मला घरी बसवावं लागलं असतं. दोन्ही तुझ्याच्यानं झालं नसतं."

बाहेरच्या बाकावर किणीकरांनी तिला उरलेलं समजावून सांगितलं. उन्हाळ्यात सत्तेचाळीस अंश बाहेर, आत त्याहून जास्त, अंगातून तासाला लिटर-दीड लिटर घाम जातो. पाणी मिळालं नाही की रक्त दाट होतं आणि शरीर किडनीचा रक्तपुरवठा तोडून मेंदूकडं आणि हृदयाकडं वळवतं. कष्टानं झिजलेल्या स्नायूंचा गाळ त्याच दाट रक्तातून चाळण्यांत येऊन अडकतो. रोज थोड्या चाळण्या मरतात. संध्याकाळी कितीही पाणी प्यायलं तरी मेलेल्या परत येत नाहीत. मग ते सगळ्यात अवघड गोष्ट बोलले. अंबादास पहिल्या वर्षी पिवळ्यातून हिरव्यात आला तेव्हा त्याची किडनी खरंच सावरली होती. ती दुसऱ्यांदा बिघडली ती या न पिण्यानं.

अनसूयाला त्याचा अर्थ कळायला किणीकरांनी आणखी काही बोलायची गरज नव्हती. यंत्र नसतं तर तो पाणी प्यायला असता.

अंबादासनं तिच्याकडून एक वचन घेतलं. बाकीच्या सहा जणांची नावं कारखान्यात सांगायची नाहीत. तिनं ते दिलं, पण दुसऱ्याच दिवशी ती बसण्णाकडं गेली. बसण्णा मान खाली घालून बसला. चांगलं करतोय असं वाटत होतं मला, एवढंच म्हणत राहिला. नंतर ती सहाही घरी गेली. किणीकर नाव न लिहिता तपासायला तयार होते. सहांतले दोघं आले. एकाची किडनी अजून सावरण्यासारखी होती, दुसऱ्याची नव्हती. तिसऱ्याच्या घरी, नरहरी यन्नमच्या, त्याच्या बायकोनं तिला दारातच थांबवलं. म्हणाली, की तुम्हाला आत घेतलं तर तुम्ही खरं सांगाल, आणि खरं कळून आम्ही करणार काय? पोरींच्या शाळा आहेत. अनसूया तशीच मागं फिरली.

नाव न घेता तिनं पाटणकरांना सांगून पाहिलं. यंत्राच्या धाकानं माणसं पाणी पीत नाहीत, नोंद दुसऱ्याकडून करून घेतात, निदान येत्या उन्हाळ्यात तरी पारखी बंद ठेवा. पाटणकरांना धक्का बसल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि वर बोलून आले. वरून उत्तर आलं ते असं, की दिवाळीनंतर नवं यंत्र बसेल. ते लघवीत येणाऱ्या पेशींवरून माणूस ओळखतं. मग दुसऱ्याच्या बिल्ल्यावर कुणी जाऊ शकणार नाही. अंबादासच्या प्रकरणात मात्र कुणी खोदून पाहिलं नाही. दोन वर्षांच्या त्या सगळ्या अहवालांवर अनसूयाच्या सहीखाली पाटणकरांचीही सही होती.

नवं यंत्र येणार हे कळलं तसे ते सहा जण एकेक करून काम सोडून गेले. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये विनापरवाना सूत रंगवण्याचं काम चालायचं. तिथं बिल्ला नव्हता, पारखी नव्हतं, पंखाही नव्हता. नरहरी यन्नम तिथंच गेला.

अंबादासचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. अनसूयानं पहिल्याच दिवशी स्वतःची किडनी देऊ केली. तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, पण तिला दहा वर्षांचा मधुमेह. तिची किडनी घेता येणार नाही असं समितीनं कळवलं. रेणुकाचा रक्तगट जुळला नाही. मृत व्यक्तीच्या किडनीसाठी नाव नोंदवलं, यादीत पुढं साडेतीन हजार माणसं होती.

त्याला आता दिवसाला एक लिटरच पाणी घेता येत होतं. त्यात चहा, आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट सगळं आलं. किडनी पाणी बाहेर टाकत नव्हती, जास्त झालं तर ते फुप्फुसांत भरणार. सकाळी रेणुका एक बाटली भरून त्याच्या हातात द्यायची आणि बाकी पाणी त्याच्या नजरेआड ठेवायची. एप्रिलच्या दुपारी तो ओला पंचा तोंडावर घेऊन पडायचा. ईश्वरी शाळेतून आली की आधी बाटलीत किती उरलंय ते बघायची आणि मग दप्तर ठेवायची. स्वतःला पाणी प्यायचं असलं तर शेजारच्या घरी जायची. बापासमोर तिनं सात महिन्यांत एकदाही पेला तोंडाला लावला नाही.

एकदा अनसूया त्याच्या उशाशी बसली असताना त्यानं विचारलं, की नाना गेले तेव्हा तुला इतका राग कशाचा आला होता? ती म्हणाली, आपल्याला कळलं नाही याचा.

"मला कळलं होतं, अक्का," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यापासून. पायाला खड्डा पडायला लागला तेव्हाच. मी रोज संध्याकाळी बोट दाबून बघायचो."

अनसूयानं त्याचा हात हातात घेतला. तिनं जन्मभर एकच गोष्ट धरून ठेवली होती, की माणसाला वेळेवर कळलं तर तो वाचतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, रेणुका चहा गाळत असताना अंबादास गेला. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबलं असं किणीकर म्हणाले. डायलिसिसची वेळ अकराची होती. तो बेचाळीस वर्षांचा होता.

रेणुकाच्या विड्या दोन वर्षांपूर्वीच बंद पडल्या होत्या, आणि अंबादासच्या नोंदी हिरव्या म्हणून भरपाई मिळाली नव्हती. अनसूयाच्या एकटीच्या कामावर तिघींचं घर आणि ईश्वरीची शाळा निभत नव्हती. तेराव्यानंतर पाटणकरांचा निरोप आला, की मयत कामगाराच्या घरातल्या एकाला कामावर घेता येतं, रंगखात्यात वाळवणीला बाईची जागा आहे. अनसूयानं नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी रेणुकानं विचारलं, "मग दुसरं कुठलं?" सोलापुरात त्या उन्हाळ्यात जे काम होतं ते सगळं उष्णतेचंच होतं. अनसूया चार ठिकाणी जाऊन आली आणि मग तिनं विरोध सोडला.

जूनच्या पहिल्या सोमवारी रेणुका आरोग्य खोलीत नाव नोंदवायला आली. खुर्चीवर बसली, पदर नीट केला. अनसूयानं तिचा रक्तदाब पाहिला, वजन घेतलं, घोट्याशी बोट दाबून पाहिलं. सगळं ठीक होतं. नवा बिल्ला तिच्या हातात देताना ती 'भरपूर पाणी पी' हे नेहमीचं वाक्य बोलायला गेली आणि तिला ते बोलता येईना.

रेणुकानंच विचारलं. "आत पाणी प्यायचं की नाही, वन्सं?"

"प्यायचं," अनसूया म्हणाली. "दर अर्ध्या तासाला. मी स्वतः जार भरून ठेवलेत."

"आणि पिवळं आलं तर?"

रेणुकाच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच माहिती हवी होती. तिला एक मुलगी वाढवायची होती आणि त्या मुलीला आता आईच तेवढी उरली होती. अनसूयानं पुन्हा सांगितलं, की तू पाणी पी, रेणुका, बाकीचं मी बघते. काय बघणार ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. रेणुकानं मान हलवली. बिल्ला गळ्यात घातला, आणि भोंगा झाला तशी आत गेली.

दिवसभरात अनसूया तीनदा वाळवणीच्या दारापर्यंत गेली आणि आत न जाता परत आली. पारा पंचेचाळीसवर होता. संध्याकाळी पाळी सुटली, बायका हसत-बोलत बाहेर पडल्या, त्यांत रेणुकाही होती. तिचे ओठ सुकले होते. खिडकीबाहेरून तिनं अनसूयाला हात केला आणि मी पुढं होते, ईश्वरी वाट बघत असेल, अशी खूण केली.

ती फाटकाबाहेर गेल्यावर अनसूयानं अहवाल उघडला. यादी पार खाली नेली, शेवटच्या नव्या नावापर्यंत. रेणुका अंबादास बिंगी. पुढची जागा रिकामी होती. सकाळच्या साडेआठपासून संध्याकाळच्या पाचपर्यंत तिच्या नावावर एकही नोंद नव्हती.